रत्नागिरीला केसर

कोकणात जायचं ठरलं की लातूरच्या घरात आधी याद्या होतात. माझी यादी बघण्याची होती: गणपतीपुळे, जयगडचा किल्ला, मालगुंडचं केशवसुत स्मारक, रत्नागिरीतलं टिळकांचं जन्मघर आणि थिबा राजवाडा. बायकोची यादी आणण्याची. आमसुलं, काजूगर, आंबापोळी, फणसपोळी, आणि प्रत्येकापुढं कुणाच्या घरी किती पावशेर द्यायचं ते. आईची यादी देवांची होती आणि ती तुळजापूरपासूनच सुरू होत होती. आबांनी यादी केली नाही. त्यांनी शेतातल्या झाडांचे केसर आंबे उतरवले, खोक्यांत गवत घालून नीट बसवले आणि क्रूझरच्या टपावर चढवले.

"आबा, आपण रत्नागिरीला चाललोय," मी म्हणालो.

"म्हाईत हाय."

"तिथं आंबे असतात."

"म्हणूनच."

कृषी खात्यातल्या कुणीतरी त्यांना सांगून ठेवलंय की मराठवाड्याच्या केसरला भौगोलिक मानांकन २०१६ साली मिळालं आणि कोकणच्या हापूसला २०१८ साली. तेव्हापासून आबांच्या लेखी हापूस हा धाकटा भाऊ आहे, आणि धाकट्याच्या घरी रिकाम्या हातानं जात नसतात.

तुळजापूर झालं, पंढरपूर झालं, कोल्हापूरची अंबाबाई झाली. एवढे देव मध्ये आल्यावर समुद्राला उशीर होणारच. आंबा घाटात आईला गाडी लागली, त्याचं वर्णन करत नाही.

उतरलो ते गणपतीपुळ्याजवळच्या एका वाडीत. चिरेबंदी घर, मागं नारळी-पोफळी, आणि दारात पाटी: 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय'. काकूंनी पहिल्याच मिनिटाला नियम सांगितला. जेवणाची पानं किती ते सकाळी नऊच्या आत सांगायचं, नंतर सांगितलं तर मिळणार नाही. आमच्याकडं पाहुणा फाटकात दिसला की परातीत पीठ पडतं, आणि तो नको नको म्हणाला की जास्त पडतं. इथं पाहुण्यानंच आकडा कळवायचा! आबांना हा अपमान वाटला. आईनं मात्र मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हे आपल्या घरी चालू करता येईल का रे?"

गाव कुठलं, असं काकूंनी विचारलं. लातूर म्हटल्यावर बाहेरचा माणूस तीनच गोष्टी काढतो, आणि त्यांचा क्रमही ठरलेला असतो. आधी १९९३चा भूकंप. मग २०१६च्या एप्रिलात मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे. आणि आमच्या पोरीकडं लक्ष गेलं की लातूर पॅटर्न. पोरगी नीटच्या क्लासला सुट्टी टाकून आली होती, तिनं मान खाली घातली. आबांनी रेल्वे पकडली.

त्या रेल्वेनं आबांवर कायमचा परिणाम केलाय. कुठं नळ टपकताना दिसला की ते गप्प बसूच शकत नाहीत. काकूंच्या घरी आल्याआल्या त्यांनी अंगणातला, मोरीतला, गोठ्यामागचा असे सगळे नळ पिळून बंद केले. त्यात पोफळीला सोडलेलं पाणीही बंद झालं. "तुमच्याकडं पाऊस लई, तुमाला किंमत नाही," असं ते काकूंना म्हणाले. बोलणं बिनबुडाचं नव्हतं. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्याकडं ८००च्या आसपास पोचला तरी आम्ही पेढे वाटतो.

काकू शांतपणे म्हणाल्या, "वरच्या वाडीत उद्या टँकर यायचाय. पडतो तो सगळा धावत समुद्रात जातो हो, मे महिन्यात विहिरी तळाला."

आबा खुर्चीवरून उठून उभे राहिले. "टँकर? हितं?" त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी नातवाच्या बारशालाही पाहिला नव्हता. त्या क्षणापासून काकू 'ताई' झाल्या आणि कोकण सोयऱ्यांत जमा झालं.

समुद्र पाहून आबा काय म्हणतात, म्हणून आम्ही सगळे मोबाइल रोखून उभे होतो. आबांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, आणि विचारलं, "ह्याचा सांडवा कुठं हाय?" मांजरा धरणापलीकडं पाणी न पाहिलेल्या माणसाचा हा रास्त प्रश्न आहे. पोरीनं भरती-ओहोटी समजावायला घेतली, चंद्र पाणी ओढतो म्हणाली. "मग अवसेला?" आबांनी विचारलं. तिनं मोबाइल काढला, रेंज नव्हती. शेजारी जाळं विणत बसलेला एक जण वर न बघताच म्हणाला, "अमावास्येलाही उधाणच असतं, आजोबा." मग पोरीनं घाईघाईनं सूर्यालाही ओढायला लावलं, आणि आबा तिच्याकडं पाठ करून जाळंवाल्याजवळ वाळूत बसले. जाळ्याचा गाळा केवढा, दोरा कुठला, पावसाळ्यात काय करता. जून-जुलैत मासेमारी बंद असते हे ऐकून त्यांनी समाधानानं मान हलवली. गळ्यात तुळशीची माळ, मासा कधी तोंडाला लावलेला नाही, पण दोन महिने धंदा बंद ठेवून पुढच्या पिकाला जागा द्यायची हे त्यांना पटलं. मला एवढंच कळलं की जयगडचा किल्ला त्या दिवसापुरता हातचा गेला.

घोड्याचं प्रकरण अवघड झालं. किनाऱ्यावर पोरांना फेरी मारून आणणारे घोडे असतात. आमच्या बारक्यानं हट्ट धरला, घोडेवाल्यानं भाव सांगितला, मी खिशात हात घातला, तेवढ्यात आबांनी घोड्याचा ओठ वर केला. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आणि हाळी-हंडरगुळीच्या बाजारात जन्म गेलेला माणूस, जनावराचे दात बघितल्याशिवाय पुढं बोलणार कसा? "केवढा म्हणालाव?" "पाच वर्षांचा." "बारा कवाच भरली ह्याला." मग त्यांनी खूर उचलून पाहिला, नाल कुठं सैल आहे ते दाखवलं, छातीवरून हात फिरवला. आमच्या मागं रांगेत उभे असलेले पुण्याचे लोक आपापल्या पोरांना घेऊन सटकले. शेवटी घोडेवाल्यानं मला हात जोडले. बारक्याला फेरी फुकट मारून आणतो, पण आजोबांना घेऊन जा.

बायकोचा ताप वेगळा होता. तिला घासाघीस केल्याशिवाय खरेदी झाल्यासारखं वाटत नाही, आणि इथले दुकानदार भावाचं बोलतच नाहीत. एक ते चार दुकान बंद, चारला उघडलं तरी विकायची घाई नाही. तिनं फणसपोळीचं पाकीट हातात घेऊन विचारलं, "ताजी आहे ना?" दुकानदार म्हणाला, "गेल्या वर्षीची आहे. यंदाची पंधरा दिवसांनी या." आता अशा माणसाशी भांडायचं कसं? तिनं चिडून दुप्पट पाकिटं घेतली.

थिबा राजवाड्याला मात्र मी हट्टानं निघालो होतो. गाडीत बसता बसता आबांना गोष्ट सांगितली: ब्रह्मदेशचा राजा, इंग्रजांनी १८८५ साली त्याचं राज्य घेतलं आणि त्याला आणून रत्नागिरीत ठेवलं, हा वाडा १९१०चा, १९१६ साली राजा इथंच वारला.

"म्हंजी शिक्षा म्हणून हितं आणलं त्याला?"

"हो."

"आन् मला तू पैसे भरून आणलास व्हय!"

असं म्हणून ते गाडीतून उतरले आणि परसात गेले. तिथं काकू रातांबे फोडत बसल्या होत्या. लालभडक फळ, मधून चिरायचं, बी आणि गर वेगळा, साल वेगळी. ती साल मिठाच्या रसात बुडवायची आणि उन्हात टाकायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा टाकायची, तेव्हा कुठं आमसूल होतं. मीठ घातलेला रस म्हणजे आगळ, साखरेत मुरवलं की सरबत. आबांनी एक रातांबा फोडला, मग दुसरा, मग पाटच ओढून घेतला. संध्याकाळपर्यंत त्यांचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते आणि राजवाडा बंद झाला होता. काकूंनी जाताना त्यांच्या टाचांकडं बघून मुठेलाचा गोळा हातात ठेवला. हे कोकमाच्या बियांचं तेल, थिजून घट्ट होतं, भेगांवर चोळायचं. आबांच्या टाचांना काळ्या मातीनं साठ वर्षांत पाडलेल्या भेगा बघता एक गोळा कमी होता, पण काकूंनी पैसे घेतले नाहीत. आबांनी तो घेताना जेवढा संकोच केला तेवढा माझ्या लग्नात हुंडा नाकारतानाही केला नव्हता.

आणि मग आंबे.

वाडीतल्याच एका बागायतदाराकडं आम्ही पेटी घ्यायला गेलो. पडवीत पेंढ्यात आंबे, घरभर वास. आबांनी टपावरचं खोकं खाली उतरवायला लावलं आणि एक केसर त्यांच्यापुढं ठेवला. "बघा खाऊन." बागायतदारांनी आंब्याकडं पाहिलं, मग आबांकडं. सुरी आणवली, फोड कापली, सावकाश खाल्ली. पडवीत कुणी हललं नाही.

"गोड आहे," ते म्हणाले. आबा फुलले. "साखरपण गोड असते," ते पुढं म्हणाले.

आबांनी हापूसची फोड तोंडात टाकली, डोळे मिटले, बी चोखून कोरडी केली आणि म्हणाले, "वास चांगला हाय."

एवढं झाल्यावर सामना बरोबरीत सुटला असता. पण बायकोनं पेटीचा भाव विचारला. बागायतदारांनी सांगितला. आबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, स्वतःच्या उजव्या हातावर टाकलं आणि तो झाकलेला हात बागायतदारांच्या पुढं केला. बैलबाजारात असाच भाव होतो, उपरण्याखाली बोटं धरून, तोंडानं आकडा काढायचा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आबा, इथं असं नसतं," मी म्हणेपर्यंत बागायतदारांचा हात उपरण्याखाली गेलेला होता.

"माझे वडील मुंबईला माल घेऊन जायचे," ते म्हणाले. "दलाल असाच रुमालाखाली भाव करायचे. बऱ्याच वर्षांनी कोणीतरी हात मागितला."

मग जे चाललं त्यात आम्हाला फक्त उपरणं हलताना दिसत होतं. दोघांचे चेहरे कोरे. मध्येच आबा मान हलवायचे, मध्येच ते हसायचे. चहा आला, निवला, दुसरा आला. बायको खुणेनं मला विचारत होती, किती? शेवटी उपरणं निघालं. हापूसच्या पेट्या क्रूझरवर चढल्या आणि केसरची सगळी खोकी पडवीत गेली. मी मोबाइलवरून पैसे द्यायला पुढं झालो, तर आबांनी कोपरीच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या, पाठ फिरवून मोजल्या आणि दुमडून दिल्या. मग बागायतदारांनीही काही नोटा दुमडून आबांना दिल्या. कुणी कुणाला जास्त दिलं ते परमेश्वराला ठाऊक.

लातूरला आल्यावर शेजारच्या अण्णांनी विचारलं, "आबा, पेटी केवढ्याला पडली?"

आबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. "आण हात."