मावशी, आधी तोंडावर पाणी मारा

परवा दुपारी दीड वाजता आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी चार मजले चढून आल्या आणि दारातच भिंतीला टेकून बसल्या. ठाण्यात वर्तकनगरमधली आमची इमारत जुनी आहे, लिफ्ट नाही. चेहरा लालबुंद, पाठीवर पदर चिकटलेला, धाप लागलेली. मी बादलीतलं पाणी तांब्यात घेऊन पुढे केलं, तर त्यांनी हात आडवा धरला. "नको ताई. उन्हातून आल्यावर अर्धा तास हातपाय धुवायचे नसतात. मुलाने मोबाइलवर वाचून दाखवलंय, नस फुटते."

तो मेसेज माझ्याही मोबाइलवर होता. सोसायटीच्या ग्रुपवर, मुलांच्या शाळेच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर. म्हणणं थोडक्यात असं: इक्विनॉक्समुळे पुढचे पाच दिवस पारा 40 च्या वर जाणार. दुपारी 12 ते 3 घरात थांबा. थंड पाणी पिऊ नका, उन्हातून आल्याआल्या अंगावर पाणी घेऊ नका. प्रत्येकाने रोज तीन लिटर पाणी प्या. खोलीत अर्धं भरलेलं भांडं ठेवून हवेत ओलावा राखा. आणि घराबाहेर मेणबत्ती ठेवा, ती वितळली तर धोका समजा. पाठवणारे काळजीनेच पाठवतात, याबद्दल मला शंका नाही. पण यातल्या दोन-तीन गोष्टी ऐकून माणूस दगावू शकतो, म्हणून हे लिहितेय.

सुरुवात गार पाण्यापासून. त्वचेला गार पाणी लागलं की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या थोडा वेळ आकसतात, एवढं खरं. आकसणं म्हणजे फुटणं नव्हे. घाईघाईत बर्फाचं पाणी प्यायलं तर कपाळात क्षणभर सणक येते, ती लगेच जाते. माठातल्या पाण्याने तर तेवढंही होत नाही. याउलट, खरा उष्माघात झाला तर त्यावरचा पहिला उपाय गार पाणी हाच आहे. उष्माघातात शरीराच्या आतलं तापमान 40 अंशांच्या, म्हणजे 104 फॅरनहाइटच्या वर जातं, माणूस बरळायला लागतो, त्याला आपण कुठे आहोत ते कळत नाही. तेव्हा सावलीत आणायचं, कपडे सैल करायचे, अंगावर पाणी ओतत राहायचं, पंख्याने वारा घालायचा, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या धरायच्या आणि 108 ला फोन करायचा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. मैदानावर पळताना उष्माघात झालेल्या खेळाडूंना डॉक्टर चक्क बर्फाच्या पाण्यात बसवतात. यात मिनिटं मोजावी लागतात, आणि मेसेज सांगतो अर्धा तास थांबा.

इक्विनॉक्सचं लवकर उरकते. त्याला आपण विषुवदिन म्हणतो. तो 20 किंवा 21 मार्चला आणि पुन्हा 22 किंवा 23 सप्टेंबरला येतो, सूर्य विषुववृत्तावर असतो आणि दिवसरात्र जवळपास सारखे होतात. त्यातून उष्णतेची लाट येत नाही. ठाण्याच्या डोक्यावर सूर्य येतो तो मेच्या मध्याला आणि परत जुलैच्या अखेरीस, आणि जुलैत आपण छत्र्या घेऊन फिरत असतो. आपल्याकडे पारा चढतो तो वाऱ्यामुळे. पूर्वेकडून, तापलेल्या जमिनीवरून वारा येत राहिला आणि समुद्राकडचे खारे वारे दुपारी उशिरा सुरू झाले, की त्या दिवशी ठाणं भाजून निघतं.

माझा सगळ्यात जास्त राग मेणबत्तीवर आहे. साध्या मेणबत्तीचं मेण वितळायला साधारण 50 ते 60 अंश लागतात. म्हणजे ती ताठ उभी असते आणि घरातली म्हातारी माणसं आधीच आडवी झालेली असतात. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लोक तासन्‌तास उघड्यावर बसले होते. दहाहून जास्त माणसं उष्माघाताने गेली. त्या दिवशी पारा 38 च्या आसपास होता. तिथे कुणी मेणबत्ती ठेवली असती तर ती वितळली नसती. हवामान खात्याचाही उष्णतेच्या लाटेचा निकष मैदानी भागात 40 अंशांपासून सुरू होतो, पण किनारपट्टीला 37 अंश आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त एवढं पुरतं. कारण आपल्याकडे उन्हाला दमट हवेची जोड असते.

आणि म्हणूनच ते पाण्याचं भांडं आपल्याकडे कामाचं नाही. विदर्भात कोरड्या हवेत कूलर, वाळ्याचे पडदे यांनी खरंच जीव गार होतो. तोच कूलर ठाण्यात खिडक्या बंद करून लावून बघा, तासाभरात चादर ओलसर लागते. अंग गार होतं ते घाम वाळताना. हवेत आधीच ओल भरलेली असेल तर घाम वाळत नाही, नुसता गळतो. हे समजायला मला गच्चीवरच्या कुरडयांनी शिकवलं. पूर्वेचा वारा असेल तेव्हा त्या दोन दिवसांत कडकडीत होतात. दमट दिवसांत तिसऱ्या संध्याकाळीही बोटाला चिकट लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत पारा दोन अंशांनी कमी असूनही सासूबाईंचा जीव जास्त घाबरा होतो. खोलीतल्या वाटीभर पाण्याने फार काही बिघडणार नाही, पण आपल्याला ओलावा वाढवायचा नाही, हवा खेळती ठेवायची आहे.

तीन लिटरचं म्हणाल तर माझ्या सासूबाईंना हृदयाच्या त्रासामुळे डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटरची मर्यादा घातलीय. त्यांनी मेसेज ऐकला असता तर पायावर सूज आणि धाप घेऊन दवाखान्यात गेल्या असत्या. दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसाला तीन लिटरही अपुरे पडतील, आणि त्याला पाण्याबरोबर मीठही लागतं. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ, हे तर कोणत्याही स्वयंपाकघरात होतं.

राहिलं ‘12 ते 3 घरात थांबा’. उन्हात फिरू नये हे बरोबरच. पण कुणाच्या घरात? लोकमान्यनगरच्या डोंगरउतारावर पत्र्याखाली राहणाऱ्या बाईला दुपारी घरापेक्षा बाहेरची झाडाची सावली बरी. आमच्या डोक्यावर गच्ची आहे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता खाली सोडतो. काल रात्री दहाला पलंगावर उभं राहून छताला हात लावला, तर इस्त्री केलेल्या कपड्यासारखं गरम. घरातला तापमापक 34 दाखवत होता, गॅलरीतला 30. त्यात दोन वेळा गॅस पेटवून पोळ्या लाटणारी बाई घरातच असते, तिला कोणता मेसेज सावध करतो?

मावशींना मी त्या दिवशी हाताला धरून मोरीत नेलं, पायांवर, मानेवर, तोंडावर पाणी ओतलं, पंख्याखाली बसवून मीठसाखरेचं पाणी घोटघोट दिलं. पंधरा मिनिटांनी त्या नीट बोलायला लागल्या. "नस काही फुटली नाही," म्हणाल्या, आणि मुलाला फोन लावला.

या आठवड्यात गच्चीवर चुन्याचे दोन हात मारून घेतले. स्वयंपाक सकाळी नऊच्या आत उरकतोय. मावशी आता साडेसातला येतात. दुपारची भांडी दुसऱ्या सकाळपर्यंत मोरीत पडून राहतात, राहू देत.