युरोपचा दवाखाना, अमेरिकेचं बिल? जरा तारखा बघू

आमच्या घरच्या ग्रुपवर एक मजकूर वर्षातून दोन-तीनदा तरी फिरून येतो. न्यू जर्सीतला आतेभाऊ तो टाकतो, म्युनिकची मावसबहीण भडकते आणि पुण्यातली मंडळी हात जोडल्याची चित्रं टाकून विषय बदलतात. मजकूर थोडक्यात असा: "युरोपच्या संरक्षणाचं बिल अमेरिका भरते. ते पैसे वाचले म्हणून तिथे दवाखाने आणि कॉलेजं फुकट, वर पाच-पाच आठवडे सुट्ट्या. अमेरिकन माणसाचं मात्र एका ऑपरेशनमध्ये दिवाळं निघतं, कारण त्याचा पैसा बर्लिन आणि पॅरिसच्या राखणीत जातो. बदल्यात युरोपने अमेरिकेला दिलं काय? टोमणे!"

टोमण्यांबद्दल वाद नाही, ते भरपूर दिलेत. बाकीचं एकेक वाक्य घेऊ.

"बिल अमेरिका भरते." कोणतं बिल? सोसायटीत दोन खर्च असतात. एक मेंटेनन्स, म्हणजे जिन्यातला दिवा, वॉचमन, पाण्याची टाकी. दुसरा ज्याने त्याने आपल्या घराला लावलेली ग्रिल आणि कुलपं. नाटो ही अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या देशांची लष्करी युती. तिचा मेंटेनन्स, म्हणजे मुख्यालय, संयुक्त कमांड आणि काही सामाईक यंत्रणा, हा सगळ्या सदस्यांच्या एकूण संरक्षण खर्चाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. त्यात अमेरिकेचा वाटा पूर्वी २२ टक्के होता. अलीकडच्या वर्षांत तो खाली आणून जर्मनीइतकाच, सुमारे १६ टक्के ठेवला गेला. ज्या '२ टक्क्यां'वरून भांडणं होतात, ते या वर्गणीत भरायचे नसतातच. प्रत्येक देशाने आपल्याच सैन्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्के खर्च करावा, असं ते ठरलं होतं. कुणी कमी खर्च केला तर त्याची ग्रिल गंजलेली राहते आणि चोर आला तर शेजाऱ्याला धावावं लागतं. ही तक्रार रास्त आहे. पण त्याला अमेरिकेची थकबाकी म्हणता येत नाही.

अमेरिका स्वतःच्या सैन्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण ३.४ टक्के खर्च करते. त्यातून प्रशांत महासागरातल्या विमानवाहू नौका चालतात, जपान आणि कोरियातले तळ चालतात, पश्चिम आशियातल्या मोहिमा चालतात. सगळा आकडा युरोपच्या खात्यावर मांडणं म्हणजे घरातला सगळा किराणा पाहुण्यांच्या नावावर लिहिण्यासारखं. शिवाय युरोपातले तळ फक्त युरोपसाठी नाहीत. आफ्रिकेसाठीची अमेरिकन कमांड जर्मनीत श्टुटगार्टला बसते. इराक आणि अफगाणिस्तानात जखमी झालेले अमेरिकन सैनिक आधी जर्मनीतल्याच लांडश्टूलच्या लष्करी इस्पितळात यायचे.

आता मुख्य वाक्य. "ते पैसे वाचले म्हणून दवाखाने फुकट." इथे मजकुराची खरी पंचाईत होते, कारण तारखा उलट्या आहेत.

जर्मनीत कामगारांसाठी सक्तीचा आजारपणाचा विमा बिस्मार्कने १८८३ मध्ये आणला, समाजवाद्यांच्या शिडातली हवा काढायला. त्या वेळी युरोपच्या राखणीला अमेरिकेचा एक शिपाई नव्हता. फ्रान्समध्ये भरपगारी रजेचा कायदा १९३६ मध्ये झाला, शेजारी हिटलर सत्तेवर असताना. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली ५ जुलै १९४८ रोजी आणि नाटोच्या करारावर सह्या झाल्या ४ एप्रिल १९४९ रोजी. दवाखाना आधी, छत्री नऊ महिन्यांनी.

इथे आतेभाऊ म्हणतो (आणि त्याचं म्हणणं टाकाऊ नाही) की १९४८ मध्ये ब्रिटन उभा होता तो अमेरिकेच्याच पैशावर. खरं आहे. १९४६ मध्ये ब्रिटनने अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं होतं आणि पुढे युरोपच्या उभारणीसाठीच्या अमेरिकेच्या मार्शल योजनेतही सर्वात मोठा वाटा त्यालाच मिळाला. पण मार्शल योजना १९५२ च्या सुमारास संपली, आणि त्या कर्जाचा शेवटचा हप्ता ब्रिटनने २००६ च्या डिसेंबरात फेडला. पन्नासहून अधिक वर्षं हप्ते भरणाऱ्याला कर्जदार म्हणतात, फुकट्या नाही.

बंदुका आणि औषधं यांची खरीखुरी ओढाताण बघायची तर १९५१ चं ब्रिटन बघावं. कोरियात युद्ध पेटलं होतं. अमेरिकेच्या आग्रहाने ब्रिटनने तीन वर्षांत ४७० कोटी पौंडांच्या शस्त्रसज्जतेचा घाट घातला. पैसा कुठून आणायचा? अर्थमंत्री गेट्स्केल यांनी आरोग्य सेवेतल्या कवळ्या आणि चष्म्यांवर अर्धं मोल आकारायचं ठरवलं. ही सेवा ज्यांनी उभी केली ते अन्यूरिन बेव्हन मंत्रिमंडळातून बाहेर पडले, त्यांच्यामागे पुढे पंतप्रधान झालेले हॅरल्ड विल्सनही. म्हणजे संरक्षणाचा भार वाढला की आरोग्यावर ताण येतो, इतपत मजकुराचं म्हणणं बरोबर आहे. पण तो भार ब्रिटन स्वतः उचलत होता, म्हणून तर हा राजीनामा झाला. आणि कवळ्यांना पैसे लागले तरी दवाखाना बंद पडला नाही.

पुढची चाळीस वर्षं बघा. युरोपातल्या कल्याणकारी योजना सर्वात जोमाने वाढल्या त्या शीतयुद्धाच्या काळात, म्हणजे त्यांचा स्वतःचा संरक्षण खर्च आजच्यापेक्षा कितीतरी जास्त असताना. पश्चिम जर्मनी १९६० च्या दशकात राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४ टक्क्यांच्या आसपास सैन्यावर घालवत होता. त्याच्या फौजेत पुढे जवळजवळ ५ लाख माणसं होती, आणि सक्तीची लष्करी भरती तिथे २०११ पर्यंत चालली. ब्रिटन १९८० च्या दशकाच्या मध्यावर ५ टक्क्यांच्या पुढे होता. वाचवलेल्या पैशावर दवाखाने उभे राहिले असते, तर ते खर्च घसरल्यावर, १९९० नंतर वाढायला हवे होते. तेव्हापासून तर युरोपभर पेन्शनच्या वयापासून इस्पितळांच्या खाटांपर्यंत काटछाटीचीच चर्चा आहे.

आणि स्वीडन? कल्याणकारी राज्य म्हटलं की पहिलं नाव त्याचं. तो नाटोत आला ७ मार्च २०२४ रोजी. शीतयुद्धभर तो तटस्थ होता, लढाऊ विमानं स्वतः बनवत होता, प्रत्येक तरुणाला लष्करी शिक्षण देत होता, आणि त्याच काळात त्याने १९६३ मध्ये चार आणि १९७८ मध्ये पाच आठवड्यांची रजा कायद्यात आणली. ऑस्ट्रिया, आयर्लंड, स्वित्झर्लंड आजही नाटोत नाहीत. या देशांचे दवाखाने कोणाच्या पैशावर चालतात, हे मजकुराने एकदा सांगावं.

'फुकट' या शब्दावर फार वेळ घालवत नाही. डेन्मार्कमध्ये जवळपास प्रत्येक खरेदीवर २५ टक्के कर आहे. जर्मनीत पगारातून आरोग्य विम्याची कपात होते, तेवढीच मालक घालतो. मावसबहिणीची पगाराची चिठ्ठी मी पाहिली आहे, ती बघून फुकट हा शब्द तोंडातून निघणार नाही. सुट्ट्यांचा मुद्दा तर त्याहून पोकळ, कारण भरपगारी रजेचा खर्च मुख्यतः मालकावर पडतो, सरकारी तिजोरीवर नाही. अमेरिकेने उद्या आपली सगळी सेना विसर्जित केली तरी तिथल्या कंपनीला रजा द्यायला लावणारा कायदा आपोआप होणार नाही. आज केंद्रीय पातळीवर तो नाहीच.

"अमेरिकन माणसाचा पैसा राखणीत जातो, म्हणून दवाखान्याला उरत नाही." मला या वाक्याचा सर्वात जास्त राग येतो, कारण ते गरजू माणसाच्या दुःखाला चुकीचा पत्ता देतं. अमेरिका आरोग्यावर कमी खर्च करत नाही. २०२३ मध्ये तिचा आरोग्यावरचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७.६ टक्के होता. जर्मनीचा साधारण १२. मधला फरक साडेपाच टक्क्यांच्या घरात, म्हणजे अमेरिकेच्या सगळ्या संरक्षण खर्चाहून मोठा. जर्मनीच्या भावात अमेरिकेला दवाखाने चालवता आले असते, तर आजचं अख्खं सैन्य पोसून वर पैसे उरले असते. आणि तो १७.६ टक्क्यांतला जवळपास निम्मा पैसा आजही केंद्र, राज्य आणि स्थानिक सरकारंच घालतात. म्हणजे अमेरिकन करदाता आरोग्यासाठी राष्ट्रीय उत्पन्नाचा जेवढा हिस्सा देतो, तो ब्रिटिश करदात्याच्या जवळपास पोहोचतो. त्यानंतर विम्याचा हप्ता वेगळा, आणि दवाखान्यातून निघताना हातात पडणारं बिल आणखी वेगळं.

मग सर्वांना विमा का झाला नाही? राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४५ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय आरोग्य विम्याचा प्रस्ताव मांडला तेव्हा सैन्य झपाट्याने घरी परतत होतं, पैसा मोकळा होत होता. प्रस्ताव पाडला तो तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने आणि अमेरिकेच्या संसदेतल्या विरोधकांनी, 'समाजवादी वैद्यक' अशी हाकाटी करून. दरम्यान नोकरीला बांधलेला विमा रुजला होता. १९४२ मध्ये युद्धामुळे पगारवाढीवर बंदी आली, कंपन्यांनी माणसं ओढायला विम्याचं आमिष दाखवलं, नंतर त्यावर करसवलत मिळाली. ज्या कोट्यवधींना तो मिळाला, त्यांना बदल नकोसा झाला. बिल क्लिंटन यांची योजना १९९४ मध्ये कोसळली तेव्हाही शीतयुद्ध संपून संरक्षण खर्च वर्षागणिक उतरत होता.

याच्या उलटची गोष्ट तर मला भलतीच आवडते. २८ जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी व्हिएतनाममधली फौज ७५ हजारांवरून सव्वा लाखावर नेण्याची घोषणा केली. दोनच दिवसांनी, ३० जुलैला, ते मिसूरीतल्या इंडिपेंडन्सला गेले आणि म्हाताऱ्या ट्रुमन यांच्या शेजारी बसून मेडिकेअरच्या कायद्यावर त्यांनी सही केली. पासष्टीपुढच्या प्रत्येकाला इस्पितळाचा विमा! संरक्षण खर्च त्या सुमारास ७ टक्क्यांच्या आसपास होता, आजच्या दुप्पट. बंदुका आणि दवाखाना एकाच आठवड्यात परवडले.

"युरोपने दिलं काय?" नाटोचं पाचवं कलम, एकावर हल्ला म्हणजे सर्वांवर हल्ला, आजवर एकदाच वापरलं गेलं आहे. १२ सप्टेंबर २००१ रोजी, अमेरिकेसाठी. त्या ऑक्टोबरपासून पुढच्या मेपर्यंत नाटोची टेहळणी विमानं जर्मनीतल्या आपल्या तळावरून अटलांटिक ओलांडून अमेरिकेच्या आकाशात गस्त घालत होती, १३ देशांचे कर्मचारी घेऊन. अफगाणिस्तानात ब्रिटनचे ४५७ सैनिक मेले. जेमतेम ५५ लाख वस्तीच्या डेन्मार्कने चाळीसहून अधिक गमावले, लोकसंख्येच्या मानाने ते प्रमाण अमेरिकेच्या बरोबरीचं. यापुढे मी काही लिहीत नाही, आतेभावानेही या मुद्द्यावर कधी उत्तर दिलेलं नाही.

आता मजकुरातलं जे खरं आहे ते. १९९० नंतर युरोपने, विशेषतः जर्मनीने, संरक्षणात खरोखरच हात आखडता घेतला. २०१४ मध्ये २ टक्क्यांचं वचन पाळणारे नाटोतले देश तीन होते: अमेरिका, ब्रिटन आणि ग्रीस. जर्मनी तेव्हा १.२ टक्क्यांजवळ रेंगाळत होता. २०११ मध्ये लिबियावर हवाई हल्ले करताना काही आठवड्यांतच युरोपीय हवाई दलांना दारूगोळा कमी पडू लागला. त्याच जूनमध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स ब्रुसेल्सला जाऊन तोंडावर बोलून आले. ओबामांनीही हीच कुरकुर केली होती, त्यामुळे हे खूळ एकट्या ट्रम्प यांचं समजू नये. मावसबहिणीला हे ऐकवलं की ती 'आमची संस्कृती शांततेची' म्हणते. अण्वस्त्रांच्या छत्रीखाली बसून शांततेचं प्रवचन देणं सोपं असतं, हे तिलाही ठाऊक आहे.

पण हा वाचवलेला पैसा किती? २ टक्के आणि १.२ टक्के यांतला फरक ०.८ टक्का. त्याने १२ टक्क्यांचा दवाखाना उभा राहत नाही.

२०२५ मध्ये हेगच्या नाटो परिषदेत २ टक्क्यांचा आकडा आणखी वर गेला. २०३५ पर्यंत ५ टक्के, त्यातले साडेतीन थेट सैन्यावर. आता खरी परीक्षा आहे, आणि काही ठिकाणी ओढाताण होणार यात शंका नाही. जर्मनीने त्यासाठी राज्यघटनेतली कर्जमर्यादाच सैल केली.

डेन्मार्कने मात्र आधीच एक सौदा करून टाकला होता, जणू या मजकुराची चाचणी घ्यायलाच. तिथे १६८६ पासून ईस्टरनंतरच्या चौथ्या शुक्रवारी 'महाप्रार्थना दिन' म्हणून सार्वजनिक सुट्टी असायची. संरक्षणाला पैसा हवा म्हणून संसदेने २०२३ च्या फेब्रुवारीत ती रद्द केली, कारण लोक एक दिवस जास्त कामावर आले की कर जास्त येतो. कोपनहेगनच्या रस्त्यावर हजारो लोक उतरले, तरी २०२४ पासून तो शुक्रवार कामाचा झाला. पाच आठवड्यांच्या रजेला कुणी हात लावला नाही.