रुंद टीव्हीपेक्षा जुना मॉनिटर बरा

घरगुती आर्केड कॅबिनेटला, म्हणजे उभ्याने व्हिडिओ गेम खेळायच्या कपाटवजा यंत्राला, ३२ इंची टीव्ही लावावा, हा लेखातील सल्ला पटला नाही. १९८० च्या 'पॅक-मॅन' या व्हिडिओ गेमचे चित्र २२४ बाय २८८ ठिपक्यांचे, म्हणजे उभे असते. आडव्या टीव्हीवर ते काळ्या पट्ट्यांमध्ये आक्रसून बसते. त्याऐवजी १६०० बाय १२०० चा जुना २० इंची मॉनिटर उभा बसवल्यास तेच चित्र बरोबर पाचपट होऊन प्रत्येक ठिपका रेखीव दिसतो. आमच्या इंदुरात जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात अशा मॉनिटरची चौकशी करून पाहावी, मात्र आयपीएस पॅनेलचाच, म्हणजे बाजूनेही रंग नीट दाखवणाऱ्या पडद्याचाच, आग्रह धरावा, कारण टीएन या दुसऱ्या प्रकारचे पॅनेल उभे केले की शेजारच्या खेळाडूला रंग विटलेले दिसतात. पिक्चर ट्यूबचा मोह मलाही होतो. परंतु वीज बंद केल्यावरही तिच्यात उच्च दाबाचा भार साठून राहू शकतो, तेव्हा जाणकाराखेरीज कोणी तिचे मागचे झाकण उघडू नये.