माळ्यावरचा ‘केसरी’ आणि लाखाचा फॉरवर्ड

वाड्याचा माळा किंवा आजोबांचं कपाट आवरायला काढलं की हल्ली घरातल्या कुणाला ना कुणाला एक मेसेज आठवतोच. तुमच्याही ग्रुपवर तो येऊन गेला असेल. त्याचा सारांश असा: इंग्रजांच्या काळातलं कुठलंही वर्तमानपत्र किंवा मासिक लाखाच्या घरात जातं, जितकं जुनं तितकं महाग, 15 ऑगस्ट 1947 चा अंक सापडला तर नशीबच उघडलं, कागद पिवळा म्हणजे अंक अस्सल, सापडल्या सापडल्या लॅमिनेट करा, पहिलं पान वेगळं काढून विकलं तर जास्त भाव येतो, बाकी सगळं आता ऑनलाइन आहे, म्हणून ग्रंथालयांना फुकट देऊ नका, परदेशी गिऱ्हाईक बघा. शेवटी हात जोडलेले आणि ‘जनहितार्थ’.

जुनी मराठी नियतकालिकं जमवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला या मेसेजपेक्षा वाळवी परवडते. वाळवी निदान नेमकं पहिलं पान कापून नेत नाही.

‘जितकं जुनं तितकं महाग’ हे आधी घेऊ, कारण बाकीचे गैरसमज त्याच्याच पोटातले आहेत. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक 6 जानेवारी 1832 चा. तो तुमच्या माळ्यावर खरोखर निघाला तर मला कळवू नका, थेट एखाद्या संस्थेला कळवा. पण वयावरून किंमत ठरत असती तर 1842 साली अहमदनगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’चा अंक 1927 च्या ‘बहिष्कृत भारता’पेक्षा नेहमीच मोलाचा ठरला असता. तसं होत नाही. ‘ज्ञानोदया’मागे अमेरिकन मिशन होतं, छापखाना होता, अंक जपून ठेवणाऱ्या संस्था होत्या, आणि ते पत्र पुढे कित्येक दशकं चाललं. ‘बहिष्कृत भारत’ 3 एप्रिल 1927 ला निघालं आणि 1929 साली बंद पडलं. त्यातला बहुतेक मजकूर डॉ. आंबेडकरांनी एकट्यानं लिहिलेला. वर्गणीदार थोडे, आणि जे होते त्यातल्या बहुतेकांच्या घराला माळाच नव्हता.

हा माळ्याचा मुद्दा मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. आज आपल्या हाती काय उरलंय, हे कुणाकडे कोरडी, मोठी, पिढ्यान्‌पिढ्या न सोडलेली घरं होती यावर ठरलं आहे. पुण्यातल्या वाड्यांत ‘केसरी’च्या वर्षा-वर्षाच्या फायली बांधून ठेवल्या गेल्या. कृष्णराव भालेकरांनी 1877 साली पुण्यात काढलेला आणि पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत चालवलेला ‘दीनबंधु’ गिरणगावच्या चाळींत वाचला गेला. दहा बाय दहाच्या खोलीत वर्षभराचा गठ्ठा कोण ठेवणार? तो चुलीत गेला, वाण्याकडे पुड्या बांधायला गेला. वाड्यातल्याही सगळ्यांचं नशीब धड नव्हतं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांत घरांबरोबर कागदही गेले. म्हणून ‘1890 चा केसरी’ ऐकून जाणता संग्राहक मान डोलावतो आणि ‘दीनबंधु’चं एक सुटं, फाटकं पान म्हटलं की उठून उभा राहतो.

15 ऑगस्ट 1947. त्या दिवशीचा अंक त्याच दिवशी लोकांनी घडी घालून ट्रंकेत ठेवला, कारण दिवस कोणता आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं. जो अंक सगळ्यांनी जपला तो दुर्मिळ कसा होईल? शिवाय सुवर्णमहोत्सव, शताब्दी, विशेष पुरवणी अशा निमित्तांनी ऐतिहासिक पहिल्या पानांच्या प्रतिकृती छापायची वृत्तपत्रांना हौस असते. त्या प्रतिकृती आता स्वतःच म्हाताऱ्या झाल्या आहेत, आणि नातवाला आजोबांच्या ट्रंकेत तीच सापडते. ओळखायची कशी? पान उलटा. मागची बाजू कोरी असेल, किंवा मागे भलत्याच दशकातली जाहिरात असेल, तर प्रश्न मिटला. खिळे, म्हणजे धातूचे अक्षरठसे, जुळवून केलेल्या छपाईत अक्षराचा दाब कागदाला लागलेला असतो. पान तिरक्या उजेडात धरलं किंवा मागून बोट फिरवलं तर तो जाणवतो. ऑफसेटवर काढलेली प्रतिकृती गुळगुळीत असते, आणि भिंग लावलं तर मूळ अंकावरचे डाग, घड्यांच्या रेघासुद्धा छापलेल्या दिसतात. डाग कागदावर आहे की शाईत, एवढंच बघायचं. महाराष्ट्र शासनानं ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ यांचे अंक पुस्तकरूपात छापले, हे फार चांगलं काम झालं. पण अशा पुस्तकातलं पान सुटं करून ‘मूळ अंक’ म्हणून खपवणारेही असतात.

आणखी एक साधी युक्ती म्हणजे वार बघणं. ‘केसरी’ 4 जानेवारी 1881 ला निघाला तो मंगळवार होता, आणि टिळकांच्या हयातीत तो मंगळवारचा केसरी म्हणूनच ओळखला गेला. कुणी 1908 मधल्या गुरुवारचा ‘केसरी’ दाखवला तर आधी हा खास अंक होता का, हे विचारायचं. बरं, त्या वर्षातले खरे मोलाचे अंक कोणते? ज्या लेखांवरून टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली ते: 12 मे 1908 चा ‘देशाचे दुर्दैव’ आणि 9 जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. दोन्ही मंगळवार. त्या दिवशी वाचणाऱ्यांना हा अंक जपायला हवा असं वाटायचं काही कारण नव्हतं, म्हणूनच ते अंक मिळायला अवघड. मेसेजमध्ये त्यांचा उल्लेखही नाही.

‘पिवळा कागद म्हणजे अस्सल’ हे तर उफराटं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला कागद बहुधा चिंध्यांपासून केलेला. त्यात लाकडाचा लगदा नसे, त्यामुळे 1840 च्या सुमाराचं पान आजही मऊ, दुमडलं तरी न तुटणारं आणि बऱ्यापैकी उजळ असू शकतं. 1870 नंतरच्या दशकांत लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद सगळीकडे पसरला. त्यातलं लिग्निन हे लाकडाचं द्रव्य हवा-उजेडानं पिवळं-तपकिरी पडतं, आम्ल तयार होतं आणि कागदाचे धागे आतून तुटत जातात. त्यात दुसऱ्या महायुद्धाची भर पडली. वृत्तपत्री कागद बाहेरून यायचा, भारतात तो बनायला लागला 1955 साली, नेपानगरला. युद्धात आयात आटली, सरकारनं कागदावर नियंत्रण आणलं, पानं घटली. म्हणजे पणजोबांचा अंक धडधाकट आणि आजोबांचा हात लावताच चुरा, असं एकाच कपाटात सर्रास दिसतं.

आणि पिवळेपणा करून घ्यायला लागतं काय? आजचा पेपर महिनाभर गच्चीत टाका. काही उद्योगी लोक चहाच्या पाण्यात बुडवतात. खरा जुना कागद कडांना जास्त काळवंडलेला आणि आत फिकट असतो, कारण हवा कडेनं शिरते. चहाचा रंग सगळीकडे सारखा बसतो किंवा घडीत साचतो.

आता लॅमिनेशन. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बाकीच्या चुका सुधारता येतात, ही येत नाही. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जे लॅमिनेशन होतं त्यात कागद दोन प्लास्टिकच्या मध्ये घालून गरम रुळांतून काढतात. उष्णतेनं वितळलेला चिकट थर धाग्यांत शिरतो. आम्ल आतच कोंडलं जातं आणि आपलं काम करत राहतं. वरून चकचकीत, आत ठिसूळ. काही वर्षांनी कडेनं प्लास्टिक सुटतं आणि सोबत अक्षरं घेऊन जातं. कुणी म्हणेल, अभिलेखागारंही लॅमिनेशन करत होतीच की. करत होती, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पापुद्रा आणि टिश्यू कागद ॲसिटोननं हातानं बसवायची पद्धत होती. पण तिथे आधी कागदातलं आम्ल घालवायचा विचार होता, उष्णता नव्हती, आणि तो थर पुन्हा ॲसिटोननंच उतरवता येण्याजोगा होता. दुकानातल्या प्लास्टिकशी त्याचा संबंध फक्त नावापुरता.

मग करायचं काय? फारसं काही नाही, आणि तेच लोकांना पटत नाही. अंक सपाट ठेवा, उभा नको. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात ठेवा. तो मिळेपर्यंत स्वच्छ, न छापलेल्या, न रंगवलेल्या सुती कापडात चालेल. सेलोटेप लावू नका. स्टेपलरच्या पिना आणि गंजलेल्या टाचण्या हळूच काढा. फाटलेलं जोडायचंच असेल तर गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि जपानी टिश्यू, आणि तेही जाणकाराच्या हातून. डांबराच्या गोळ्यांनी कसर थोडी लांब राहते, पण आम्लावर त्यांचा काही परिणाम नाही आणि माणसाच्या फुफ्फुसाला त्या बऱ्या नाहीत. कोकणात बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट म्हणजे बुरशीला आमंत्रण. ते वीतभर पुढे ओढा.

‘पहिलं पान वेगळं काढा.’ हे वाचून माझं डोकं फिरतं. त्याचं कारण मासिकांवरून नीट कळेल. काशिनाथ रघुनाथ मित्रांचं ‘मनोरंजन’ 1895 साली सुरू झालं आणि 1909 साली त्याचाच दिवाळी अंक निघाला, मराठीतला पहिला. अशा मासिकांच्या फायली ग्रंथालयांनी बांधून ठेवल्या खऱ्या, पण बांधणारे बहुधा मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि जाहिरातींची पानं काढून टाकत. खंड जाड होऊ नये, पानांचा अनुक्रम सलग राहावा म्हणून. संपादकांनाही त्यात गैर वाटत नसे. जाहिरातींना कित्येकदा वेगळे पृष्ठांक देत, ते याच सोयीसाठी. परिणाम असा की कथा उरल्या, कविता उरल्या, आणि केशतेलं, शक्तिवर्धकं, घड्याळं, नाटक कंपन्यांचे खेळ यांच्या जाहिराती गेल्या. त्या काळी घरात काय विकत येत होतं, कितीला येत होतं, कोणाला उद्देशून विकलं जात होतं, हे ज्या पानांवर होतं तीच पानं. ‘किर्लोस्कर खबर’ 1920 साली कारखान्याची खबर म्हणून सुरू झाली. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार. तिचा मुखपृष्ठासकट, जाहिरातींसकट, टाचलेला सुटा अंक म्हणूनच बांधीव खंडापेक्षा जास्त सांगतो. आणि आपण आज तोच अखंड अंक घेऊन त्याचं एक पान फ्रेममध्ये लावायचं आणि उरलेलं रद्दीत!

वर्तमानपत्राचंही तेच. पहिल्या पानाला जो भाव येतो तो दिवाणखान्यातल्या भिंतीचा भाव असतो. अभ्यासक, संस्था, गंभीर संग्राहक हे पूर्ण अंक विचारतात, त्याहून सलग वर्ष विचारतात. एक अंक गहाळ असलेली फाइल आणि पूर्ण फाइल यांत त्यांच्या लेखी फार अंतर असतं. म्हणून दहा नातेवाइकांत ‘आठवण म्हणून’ एकेक अंक वाटून टाकणं हाही फाइल मोडण्याचाच एक प्रेमळ प्रकार आहे.

‘लाखाच्या घरात’ याबद्दल एवढंच: संकेतस्थळावर कुणी लाख मागितले म्हणजे कुणी लाख दिले असं नव्हे.

‘सगळं ऑनलाइन आहे’ हे अर्धं खरं असतं तरी मी खूश झालो असतो. बरंच आलंय, आणि त्याचा मला रोज उपयोग होतो. पण स्कॅन होतात ते हाताशी असलेले खंड, म्हणजे वर सांगितलेले मुखपृष्ठं उडवलेले, आतल्या समासात शिवण शिरलेले. जे अंक कोणत्याच ग्रंथालयात नाहीत ते स्कॅन होणार कुठून? ते तुमच्याच माळ्यावर असू शकतात. शिवाय प्रत आहे म्हणून मूळ टाकून द्यायचं, हा प्रयोग मोठ्यांनी करून झाला आहे. 1999 साली ब्रिटिश लायब्ररीनं आपल्याकडच्या अमेरिकी वृत्तपत्रांच्या बांधीव फायली विक्रीला काढल्या; मायक्रोफिल्म, म्हणजे पानांचे फिल्मवर घेतलेले बारीक फोटो, होती ना! निकोल्सन बेकर या अमेरिकी लेखकानं स्वतःची पुंजी घालून त्यातल्या कितीतरी विकत घेतल्या आणि 2004 साली त्या ड्यूक विद्यापीठात पोचल्या. त्यांत रंगीत पुरवण्या होत्या, ज्या काळ्या-पांढऱ्या मायक्रोफिल्ममध्ये राखाडी होऊन बसल्या होत्या.

ग्रंथालयांना देऊ नका म्हणणाऱ्याची एक बाजू मात्र मला कळते. दिलेला गठ्ठा तळघरात जाऊन कुजला, असं मीही एका संस्थेत पाहिलंय. उपाय असा की देण्याआधी विचारायचं: नोंद कधी होईल, वाचकाला मिळेल का, स्कॅन करणार का. आणि पोच लेखी घ्यायची, अंकांच्या यादीसकट. पुणे, मुंबई, ठाणे, धुळे, पणजी इथे जुन्या कागदांची कदर असलेल्या संस्था आहेत. एकीनं नाही म्हटलं तर दुसरी.

जाता जाता, मेसेजमधला ‘इंग्रजांचा काळ’ गोव्याला लागू नाही. तिथे पहिलं नियतकालिक ‘गॅझेता द गोआ’ 1821 चं आणि वसाहत संपली ती 1961 ला. पणजी-मडगावच्या घरांतला पन्नासच्या दशकातला पोर्तुगीज किंवा मराठी अंक हाही वसाहतकाळातलाच.

राहिलं परदेशी गिऱ्हाईक. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मूल्याच्या हस्तलिखित, अभिलेख वा दस्तऐवजासाठी 75 वर्षांची मर्यादा आहे आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. 1947 चा अंकही 2022 मध्ये ती मर्यादा ओलांडून गेला. आपला छापील अंक त्या व्याख्येत बसतो की नाही, हे पार्सल अडवल्यावर कळण्यापेक्षा आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला विचारलेलं बरं. ‘कागदपत्रं आमची आम्ही बघतो’ म्हणणाऱ्या दलालाला तर फोटोसुद्धा पाठवू नका.

तेव्हा गठ्ठा निघालाच, तर गिऱ्हाईक शोधण्याआधी यादी करा. नियतकालिकाचं नाव, गाव, तारीख आणि वार, पुस्तक (म्हणजे खंड) कितवं, अंक कितवा, पानं किती आणि त्यातली कोणती नाहीत, मुखपृष्ठ आहे का, संपादक-मुद्रकाची शेवटची ओळ जशीच्या तशी. प्रत्येक अंकाचा फ्लॅश न वापरता एक फोटो. खुणेचा नंबर पेन्सिलनं घाला, आणि तोही पाकिटावर, अंकावर नाही.