हिरवी बिल्ड आणि मेलेले बटण

काल संध्याकाळी, नेमकी डिप्लॉयच्या, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवण्याच्या, तोंडावर, आमची बिल्ड (कोड जोडून त्याच्या सगळ्या टेस्ट चालवणारी फेरी) लाल, म्हणजे नापास, झाली आणि कारण काय, तर ‘कर्मचाऱ्यांची यादी’ हा मथळा पानावर सापडत नाही. पान ब्राउझरमध्ये उघडले तर मथळा ठळक अक्षरांत समोर उभा होता. जँगो या पायथॉनमधल्या वेब-फ्रेमवर्कची टेस्ट, म्हणजे कोड नीट चालतो का ते आपोआप तपासणारा छोटा प्रोग्रॅम, मात्र हट्टाला पेटलेली: ‘फॉल्स इज नॉट ट्रू’, आणि पुढे हे शब्द रिस्पॉन्समध्ये, म्हणजे सर्व्हरने पाठवलेल्या पानात, मिळाले नाहीत अशी तक्रार. असत्य म्हणजे सत्य नव्हे हे मला आधीपासून ठाऊक होते. त्यासाठी सर्व्हरवर टेस्ट चालवण्याची गरज नव्हती.

टेस्टमधला शब्द आणि पानावरचा शब्द एकाखाली एक ठेवून मी बराच वेळ डोळे फोडून घेतले. दोन्ही हुबेहूब सारखे. अखेर बाइट मोजले तेव्हा एकात तीन बाइट जास्त निघाले. भाषांतर करणाऱ्याच्या कीबोर्डने तो चंद्रकोरीसारखा अर्धा र साधा र, हलन्त आणि अदृश्य झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर, अक्षरे जोडणारे शून्य रुंदीचे चिन्ह) अशा तीन चिन्हांनी घडवला होता, तर टेस्ट लिहिणाऱ्याच्या कीबोर्डने नुक्त्याचा ऱ आणि हलन्त वापरला होता. वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेले एकच अक्षर एकसारखे करणारे युनिकोड नॉर्मलायझेशन लावून पाहिले, पण ते साधा र आणि सुटा नुक्ता यांचा एक ऱ करून देते, झेडडब्ल्यूजेला हात लावत नाही. कर्मचारी, अधिकारी, शेतकरी, व्यापारी, कुणालाही विभक्तीचा प्रत्यय लागला की हा अर्धा र हजर होतो, म्हणजे मराठीत कामकाज करणाऱ्या कुठल्याही ॲप्लिकेशनच्या प्रत्येक पानावर हा सुरुंग पेरलेला आहे, आणि जगातल्या एकाही वापरकर्त्याला तो कधी दिसणार नाही.

यावर रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकारी कोड तपासतात तेव्हा, सल्ला आला की टेस्टमध्ये शब्द टाइप करूच नयेत, तिथेही गेटटेक्स्ट या भाषांतर पुरवणाऱ्या साधनाकडूनच भाषांतर मागून घ्यावे. उत्तम. मग भाषांतराच्या फाइलमधली ती ओळ कोरी राहिली, तरी पानावरही मूळ इंग्रजी येईल, टेस्टमध्येही तेच इंग्रजी येईल, दोघे एकमेकांची पाठ थोपटतील आणि बिल्ड हिरवीगार होईल.

पण माझा खरा संताप याचा नाही. याच बिल्डमध्ये, याच पानाच्या फॉर्मवर, ‘जतन करा’ हे बटण मेलेले होते आणि त्याबद्दल एकही टेस्ट हूं की चूं करत नव्हती. नवीन डिझाइनमध्ये कुणीतरी बटण उचलून खालच्या पट्टीत नेले, ते फॉर्मच्या बंद होणाऱ्या टॅगच्या बाहेर पडले आणि बटण कोणत्या फॉर्मचे ते सांगणारे फॉर्म ॲट्रिब्यूट द्यायचे राहून गेले. दाबा, पुन्हा दाबा, माउस आपटा. काही होत नाही. आमच्या टेस्टने मात्र तो फॉर्म यशस्वीपणे ‘भरला’ होता, कारण टेस्ट क्लायंट, म्हणजे जँगोचा खोटा ब्राउझर, पानाकडे ढुंकूनही न बघता थेट यूआरएलवर डेटा पोस्ट करतो. बटण आहे का, ते फॉर्मच्या आत आहे का, निदान फॉर्म तरी पानावर आहे का, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. टेम्प्लेटमधून, म्हणजे पानाच्या साच्यातून, सीएसआरएफचा टोकन (विनंती आपल्याच पानावरून आली याची खूण) उडाला आणि खऱ्या माणसाच्या तोंडावर ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’, आदळला, तरी या महाशयांना कळत नाही, कारण ती तपासणी टेस्ट क्लायंटमध्ये मुळातच बंद असते आणि ती चालू करायची असते हे आठवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. लग्नपत्रिका वाचून जेवण कसे होते ते सांगावे, तसा हा प्रकार आहे.

असर्टकंटेन्स (पानात अमुक शब्द आहे का ते पाहणारे जँगोचे फंक्शन) तर मला पहिल्यापासून आवडत नाही. हवा तो शब्द पानावर कुठेही असला, एचटीएमएल कॉमेंटमध्ये, स्क्रिप्टच्या पोटात, डिस्प्ले नन करून गाडलेल्या डिव्हमध्ये, तरी त्याचे समाधान होते. उलट २०१९ च्या डिसेंबरात जँगो ३.० आले आणि एस्केप केलेल्या, म्हणजे एचटीएमएलसाठी कोडमध्ये बदललेल्या, ॲपॉस्ट्रॉफीचा कोड दशमानातून हेक्समध्ये (सोळा पायाच्या अंकांत) गेला, तेव्हा ब्राउझरमध्ये तसूभरही फरक नसताना आमच्या टेस्ट पटापट माना टाकू लागल्या होत्या. ते मी विसरलेलो नाही. आणि वरून कव्हरेजचा, म्हणजे टेस्टमध्ये कोडच्या किती ओळी चालल्या त्याचा, टक्का! कव्हरेज मोजणारे ते हत्यार स्वतंत्र प्लगइन लावल्याशिवाय फक्त पायथॉनच्या ओळी मोजते, टेम्प्लेटमधली एकही नाही, त्यामुळे यूआयच्या, म्हणजे वापरकर्त्याला दिसणाऱ्या भागाच्या, टेस्ट लिहून वाढलेला टक्का यूआयबद्दल अक्षरही बोलत नाही. पण स्लाइडवर तो आकडा काय शोभून दिसतो.

‘मग सेलेनियम वापरा’, म्हणजे खरा ब्राउझर आपोआप चालवणारे साधन घ्या, असे म्हणणाऱ्यांनी कृपया थांबावे. ते आम्ही वापरले आहे. ते चहा पिऊन येईपर्यंत चालते, आज ज्या टेस्टवर पडते तीच उद्या आपोआप पास करते, आणि शेवटी कुणीतरी वैतागून तिथे ‘पाच सेकंद थांब’ अशी ओळ टाकते.

या सगळ्यात माझी अडचण एवढीच आहे की टेस्टशिवाय मर्ज नाही, म्हणजे कोड मुख्य शाखेत घ्यायचा नाही, हा नियम टीममध्ये मीच भांडून आणला, आणि ‘अरे, याची टेस्ट कुठे आहे?’ हा शेरा रिव्ह्यूमध्ये सर्वांत जास्त वेळा माझ्याच नावाने पडलेला आहे, त्यामुळे हे बोलायला ऑफिसात मला तोंड नाही. बटणासाठी मी निमूटपणे टेस्ट लिहिली: आलेले एचटीएमएल ब्यूटिफुलसूप या एचटीएमएल वाचणाऱ्या लायब्ररीने उघडायचे, बटण शोधायचे आणि त्याच्या पूर्वजांत, म्हणजे त्याला वेढणाऱ्या टॅगांत, फॉर्म आहे की नाही ते पाहायचे. तिला नावही सार्थ दिले, ‘जतन करा बटण फॉर्मच्या आतच असले पाहिजे, बाहेर नव्हे’, अर्थात अंडरस्कोर घालून. रिव्ह्यू आला. टेस्टबद्दल कुणाचे काही म्हणणे नाही. ओळ पायथॉनच्या शैलीनियमातल्या ७९ अक्षरांपेक्षा लांब आहे म्हणून ती परत पाठवली आहे.