साठ हजारांचा डबा, एक लाख साठची काच

२९ ऑक्टोबर २०२४ ला धनत्रयोदशी होती आणि त्याच दिवशी ॲपलने नवा मॅक मिनी, हा पडद्याशिवाय येणारा छोटा संगणक, जाहीर केला. १२.७ सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, ५ सेंटिमीटर उंच, वजन पाऊण किलोच्या आत. म्हणजे तुमच्या घरातल्या मिसळणाच्या डब्यापेक्षा लहान. आत एम४ चिप, १६ जीबी मेमरी, २५६ जीबी साठवण; तेव्हाचा भाव ५९,९०० रुपये. धनत्रयोदशीला धातू घ्यावा म्हणतात आणि ॲल्युमिनियम हाही धातूच, तेव्हा धर्मशास्त्राची बाजू तिथेच निकालात निघाली.

राहिला मॉनिटर. त्याच कंपनीचा स्टुडिओ डिस्प्ले मार्च २०२२ मध्ये आला: २७ इंच, ५१२० बाय २८८० ठिपके (पिक्सेल), ज्याला बाजारात ५के म्हणतात. तेव्हाचा भाव १,५९,९००. दोन्ही आकडे कागदावर एकाखाली एक लिहा. फरक बरोब्बर एक लाखाचा आहे, त्यामुळे घरी कागद दाखवताना डावीकडच्या एकावर अंगठा ठेवणं सोपं जातं. कुणी 'चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला' म्हणालंच, तर शांतपणे सांगा की हा मसाला दहा वर्षं टिकतो आणि मधल्या काळात कोंबड्या बदलत राहतात.

तेव्हा पहिली गोष्ट अशी करा: मॉनिटर मनात पक्का करून टाका आणि मग गरज शोधायला निघा. उलट्या क्रमाने गेलात तर गरज आधी सापडेल आणि खरेदी फिसकटेल.

गरज शोधताना टेप मात्र हातात घेऊ नका. डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजलं की नको ती गणितं सुरू होतात. चांगल्या नजरेला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील सुटा दिसतो. ६० सेंटिमीटरवर त्याची रुंदी होते सुमारे ०.१७ मिलिमीटर. २७ इंची ५के पडद्याचा ठिपका ०.११७ मिलिमीटरचा, २७ इंची ४केचा (३८४० बाय २१६० ठिपके) ०.१५६ चा आणि २५६० बाय १४४० वाल्याचा ०.२३३ चा. म्हणजे ६० सेंटिमीटरवर बसणाऱ्या माणसाच्या बाबतीत ४केचाच ठिपका नजरेच्या मर्यादेच्या आत गेला. आणि पाठ खुर्चीला टेकवून ८० सेंटिमीटरवर बसलात, तर १४४०चा ठिपकाही त्या सीमारेषेवर येऊन बसतो. पंधरा-वीस हजारांचा तो मॉनिटर तुम्हाला पुरेल अशी भयंकर शक्यता इथे डोकं वर काढते. टेप लगेच शिवणाच्या डब्यात ठेवून द्या.

सुदैवाने मॅकओएस (मॅकची ऑपरेटिंग सिस्टीम) तुमच्या बाजूने उभं राहतं. त्याला पडदा एकतर इंचाला ११० ठिपक्यांच्या आसपास हवा, नाहीतर २२०च्या. २७ इंची ५के येतो २१८ ला, अगदी जागेवर. २७ इंची ४के मात्र १६३ ला, धड ना अलीकडे ना पलीकडे. त्याला दुप्पट मापाने चालवलं तर सगळं १९२० बाय १०८० च्या आकाराचं दिसतं; मेनूची अक्षरं एसटीच्या पाटीवरच्यासारखी. म्हणून लोक सेटिंगमध्ये '२५६० बाय १४४० सारखं दिसू दे' हा पर्याय निवडतात. मग मॅक आधी आतल्या आत ५१२० बाय २८८० चं अख्खं चित्र काढतो, १ कोटी ४७ लाख ठिपक्यांचं, आणि ते आवळून ४केच्या ८३ लाखांत बसवतो. आडव्या-उभ्या दोन्ही दिशांना चार ठिपक्यांच्या जागी तीन. एका ठिपक्याच्या रेघेचा मेळ बसत नाही, ती दोघांत वाटली जाते आणि कड मऊ पडते. ११० वाल्यांची वेगळी रड: मॅकओएसच्या २०१८च्या मोहावी आवृत्तीपासून ॲपलने अक्षरांच्या कडा रंगीत उपठिपक्यांनी (एका ठिपक्यातल्या लाल, हिरव्या, निळ्या भागांनी) गुळगुळीत करणं मुळातच बंद ठेवलं, त्यामुळे विंडोजवर बरा दिसणारा तोच मॉनिटर मॅकला जोडला की अक्षरं दातेरी दिसतात. हे सगळं पाठ करा. पाहुण्यांना सांगायला याहून भारदस्त कारण मिळणार नाही. फक्त तो मऊपणा दाखवायला त्यांना पडद्याला नाक लावून उभं करू नका.

मॉनिटर बघायला मुंबईतल्या बीकेसीच्या ॲपल दुकानात गेलात की डोंगर, फुलं आणि रंगीत लाटा यांच्याकडे बघत राहा. त्या सगळ्याच मॉनिटरवर सुंदर दिसतात, आणि तेच हवंय. मॅकमधलं टेक्स्टएडिट हे लिहायचं ॲप उघडून, देवनागरी निवडून, १२ पॉइंटमध्ये 'सर्वांत', 'राष्ट्र', 'ब्रह्म', 'उद्ध्वस्त' असले शब्द चुकूनही टाइप करू नका. कारण 'सर्वांत'मधल्या कान्याच्या डोक्यावर रफार आणि अनुस्वार एकमेकांना खेटून बसतात. १४४०च्या पडद्यावर त्यांचा एकच डाग होतो. 'सर्वांत' की 'सर्वात' हा पिढ्यान्पिढ्यांचा वाद तिथे तंत्रज्ञानानेच मिटवलेला दिसतो. आवळलेल्या ४केवर अनुस्वार आहे हे कळतं, पण तो तीट लावल्यासारखा जरा पसरलेला. ५केवर तो गोल असतो आणि रफाराची चंद्रकोर त्याच्यापासून सुटी दिसते. 'उद्ध्वस्त'मधला द, ध आणि व यांचा मनोरा तर खालच्या पडद्यांवर नावाप्रमाणेच होऊन बसतो.

या चाचणीतून एक गैरसोयीची गोष्ट बाहेर येते. दिवसाचे आठ तास मराठी मजकूर तपासणाऱ्याला, पानं लावणाऱ्याला, टाइप घडवणाऱ्याला हा पडदा खरोखर हवा. दिवसभर एक्सेल आणि रात्री क्रिकेट बघणाऱ्याला चांगल्या ४केत आणि यात फरक दिसणार नाही. तुम्ही दुसऱ्या गटातले असाल तर या परिच्छेदावर चहाचा कप ठेवा.

आता स्टँड. स्टुडिओ डिस्प्लेचा साधा स्टँड मागेपुढे कलतो, वरखाली होत नाही. वरखाली होणारा हवा तर तेव्हा आणखी ४०,००० रुपये पडत. निवड खरेदीच्या वेळीच करायची, नंतर बदलून मिळत नाही. घ्यावा का? अवश्य. साध्या स्टँडवर पडद्याची वरची कड टेबलापासून ४७.८ सेंटिमीटरवर असते, आणि ४०,००० वाल्यावर ती ४७.९ पासून ५८.३ पर्यंत जाते. नीट वाचा: तिथून फक्त वर. नेहमीचं टेबल ७५ सेंटिमीटरचं धरलं तर पडद्याची कड जमिनीपासून १२३ सेंटिमीटरवर आली. मध्यम उंचीच्या माणसाचे बसल्यावर डोळे त्याच आसपास किंवा जरा खालीच असतात. चाळिशी ओलांडलेल्या, प्रोग्रेसिव्ह चष्मा लावणाऱ्या माणसाला पडदा खाली हवा असतो, कारण जवळचं वाचायचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. नाहीतर हनुवटी वर करून वाचावं लागतं आणि संध्याकाळी मान धरते. त्या माणसाला या ४०,००० मध्ये एक मिलिमीटरही खाली येता येत नाही. उंच माणसाला वर जायचं असेल, तर गेल्या चार वर्षांचे दिवाळी अंक तेच काम करतात. तिसरा पर्याय व्हेसा जोडणीचा, म्हणजे स्टँडऐवजी पडद्यामागे आर्म लावायच्या प्रमाणित पट्टीचा. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत, साडेपाच किलो पेलणारा बाजारातला कुठलाही बरा आर्म मागे बसतो आणि पडदा दोन्ही दिशांना फिरतो. इतक्या सोयीची वस्तू पाहुण्यांच्या नजरेत भरत नाही, म्हणून ती वगळा.

चकाकी कमी करणारी नॅनो-टेक्स्चर काच घ्यायची तर तेव्हा ३०,००० आणखी पडत. ती पुसायला ओढणीचं टोक, बनियन, 'जरा ओलं केलेलं फडकं' यांतलं काहीही चालत नाही. सोबत येतं त्याच कापडाने पुसायची. ते हरवलं तर ॲपलचं कापड १,९०० रुपयांना सुटं मिळतं. खिडकी पाठीमागे असेल आणि टेबल हलवता येत नसेल तर ही काच उपयोगी आहे. टेबल हलवता येत असेल तर हलवू नका, कारण फुकटचे उपाय करायची सवय वाईट.

मॉनिटरला बटण शोधू नका. चालू-बंदचं नाही, प्रकाश कमी-जास्त करायचं नाही, एकही नाही. एचडीएमआयही नाही, त्यामुळे सेट-टॉप बॉक्स किंवा मुलाचा प्लेस्टेशन थेट लागणार नाही. ऑफिसचा विंडोज लॅपटॉप जोडला तर चित्र येईल, पण प्रकाश कमी करायला पुन्हा मॅक शोधावा लागेल. बदल्यात आत ए१३ चिप आहे, २०१९च्या आयफोन ११ मधलीच. म्हणून या मॉनिटरला अपडेट येतात. कॅमेऱ्याचं चित्र भुरकट येतं अशी ओरड झाल्यावर एक अपडेट आलं. २०२२च्या ऑगस्टमध्ये स्पीकर अडखळू लागले, तेव्हा कंपनीचा उपाय होता सगळं सुटं करा, प्लग काढा, दहा सेकंद थांबा, परत लावा. केबलवाल्याला आपण इतकी वर्षं उगाच नावं ठेवली.

इतकं समजावूनही कुणाला ४के घेण्याची दुर्बुद्धी झालीच, तर त्याने केबलही खणातली जुनी वापरावी. जुन्या एचडीएमआय केबलवर किंवा स्वस्त डॉकवर (एका भोकाची अनेक भोकं करणाऱ्या डबीवर) ४के सेकंदाला ३० वेळाच रंगतं. माउसचा बाण सरकण्याऐवजी टुणटुण उड्या मारतो आणि दोष बिचाऱ्या मॅकच्या माथी येतो. फोनसोबत आलेली टाइप-सी केबल तर बहुतेकदा चार्जिंगपुरती असते, तिच्यातून चित्र जातच नाही. टोकं मात्र हुबेहूब सारखी. शिवाय टाइप-सी मॉनिटरच्या मेनूत 'वेगवान डेटा की पूर्ण रिझोल्यूशन' असा पर्याय असतो. केबलमधल्या चारपैकी दोन वाटा डेटाला दिल्या की कित्येक मॉनिटर ४केवर पुन्हा ३० ला येतात. सिस्टीम सेटिंग्जमध्ये डिस्प्लेजखाली रिफ्रेश रेट लिहिलेला असतो, तो ६० आहे का हे बघायला अर्धं मिनिट लागतं. बघू नका, सरळ सर्व्हिसवाल्याला बोलवा.

मॉनिटर झाला की डब्याकडे या. इथे शिडी आहे आणि प्रत्येक पायरीवर 'फक्त' असं लिहिलंय. २०२४च्या भावाने २५६ ची साठवण ५१२ केली की ७९,९००, फक्त वीस हजार. मेमरी १६ ची २४ केली की ९९,९००, पुन्हा फक्त वीस. एवढे दिलेच आहेत तर एम४ प्रो १,४९,९०० ला. आणि दीड लाख मोजणाऱ्याने २०२५च्या मार्चमध्ये आलेला मॅक स्टुडिओ का बघू नये, तेव्हा २,१४,९०० पासून तर सुरू होत होता. शिडी चढताना जुन्या मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटर हे ॲप उघडून 'मेमरी'खालचा आलेख पाहू नका. नेहमीची सगळी कामं एकदम चालू असताना तो हिरवा राहिला तर १६ जीबी पुरते. पिवळा-लाल झाला तर मेमरी आत्ताच वाढवून घ्यावी लागते, कारण ती चिपच्या पाकिटातच असते आणि नंतर कुणालाच वाढवता येत नाही. साठवणीचं तसं नाही. त्या वीस हजारांच्या निम्म्यात तेव्हा १ टीबीचा बाहेरून जोडायचा एसएसडी मिळत होता आणि पुढच्या पोर्टवर तो सेकंदाला जवळजवळ १ जीबी ओढतो. कॉलेजात शिकणाऱ्यांसाठी हाच मिनी ४९,९०० ला होता. भाचा इंजिनिअरिंगला असेल तर त्याच्या अभ्यासाची काळजी वाटायला हीच योग्य वेळ.

यूपीएसवर पैसे घालवू नका. लॅपटॉपच्या सवयीमुळे आपण विसरतो की या डब्यात बॅटरी नाही, आणि महावितरण ती आठवण गुरुवारी करून देतं. एम४ मिनी जास्तीत जास्त ६५ वॅट खातो, स्वस्थ बसला की ४. साधा ६०० व्हीएचा यूपीएस मिनी, मॉनिटर आणि राउटर असं सगळं सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ सहज सांभाळतो. त्या पैशात ॲपलचं दीडेक कापड येतं.

चालू करायचं बटण मिनीच्या बुडाशी, मागच्या डाव्या कोपऱ्यात आहे. डबा किंचित उचलायचा आणि बोट खाली सरकवायचं. मॅक झोपवून ठेवला तर त्याची गरज महिन्यातून एखाद्या वेळी पडते, तरी लोकांनी त्यासाठी थ्रीडी प्रिंटरवर तरफा छापून घेतल्या. तुम्हीही घ्या.

मग एका संध्याकाळी दोन्ही खोकी घरी येतात. टेबलाला गेजगोंडे बांधून, हळदकुंकू लावून, डबा किंचित उचलून बटण दाबलं जातं. मिनीच्या खोक्यात कीबोर्ड नसतो, माउसही नसतो. घरातल्या जुन्या कीबोर्डला चौकोनी यूएसबी टोक असतं. मिनीवर तसलं भोक एकही नाही आणि मॉनिटरच्या मागची चारही टाइप-सीच. दोनअडीचशे रुपयांचा ॲडॉप्टर विकणाऱ्या दुकानाचं शटर साडेआठला पडलेलं असतं. समोरच्या पडद्यावर कीबोर्ड जोडा अशी सूचना येते. २१८च्या ठिपक्यांत ती फार रेखीव दिसते.