झाडं नंतर, आधी पाणी आणि ऊन

घराभोवतीची बाग कशी आखावी यावरच्या तुमच्या लेखातली बसायच्या जागेची, वेलींच्या मांडवाची कल्पना मनापासून आवडली. पण सुरुवातच 'आधी आवडीची झाडं निवडा' या सल्ल्याने झाली आहे, ते मला पटत नाही. आधी जागा नीट बघायला हवी. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सावली कुठे पडते ते कागदावर काढून ठेवा. ऋतू बदलला की सूर्याचा कोन बदलतो, म्हणून एका दिवसाच्या नोंदीवर लॉनची जागा ठरवू नका.

त्याहून महत्त्वाचा पाण्याचा निचरा. साधारण 30 सेंटिमीटर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या आणि पुन्हा भरून तासाभरात पातळी किती उतरते ते पट्टीने मोजा. अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी उतरली तर तिथे बहुतेक झाडांची मुळं कुजणार, मग रोप कितीही महागाचं आणा. फरशीचा उतार घरापासून बाहेरच्या बाजूला, मीटरमागे किमान एक-दोन सेंटिमीटर हवाच. हा उतार नंतर देता येत नाही, सगळं उखडावं लागतं!

आणि एक कळकळीची विनंती. जुन्या झाडाच्या बुंध्याला भिडवून काँक्रीट करू नका. अन्न-पाणी घेणारी बारीक मुळं बहुतांशी वरच्या अर्ध्या मीटर मातीतच असतात, त्यांना हवा लागते. तिथे पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, तेही खोडापासून वीतभर लांब. आणि पायवाटेवर दोघांना शेजारी चालायचं असेल तर तिची रुंदी चार फूट धरा.